बाकड्याची जागा

मंगळवार, सकाळी अकरा. परभणीतल्या आमच्या कॉलनीच्या मैदानावर हजर: महापालिकेचे अभियंता, लिपिक आणि मी. गैरहजर: अर्जदार, म्हणजे माझी आई.

चालायच्या वाटेवर दम खायला एक बाकडं द्या, असा अर्ज तिनं केला होता. तो मंजूर झाला होता.

"मावशी कुठायत? लय भांडल्या आमच्याशी," लिपिक हसत म्हणाले.

"मागच्या महिन्यात गेली ती."

लिपिकांनी पांढऱ्या फक्कीचा डबा पुढे केला. "ताई, तुमीच खूण करा. त्यांना दम कुठं लागायचा?"

रोज संध्याकाळी औषधांच्या यादीसोबत मी आईला विचारायचे, "फेरी झाली का?" तिच्यासोबत मात्र एकदाही चालले नव्हते.

मी अख्खी फेरी मारून आले. खूण करायची अजून राहिलीच आहे.