मास्तरांनी वाचलेली हजेरी

मास्तर आमच्या विद्यापीठाच्या संस्थापकाबद्दल शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. "त्याला परत खोकला झालाय, ताई," असं सकाळी सकाळी सांगत. त्या माणसाला जाऊन शंभर वर्षं होत आली होती. मास्तरांनी आदल्या दिवशी त्याची पत्रं वाचलेली असत, एवढंच.

ऐंशीच्या दशकात इलिनॉयमधल्या एका लहान गावात मी या संस्थापकाच्या चरित्रावर पीएच.डी. करत होते. मास्तर नागपूरकडे शाळेत शिकवायचे. बायकोला इथे नर्सची नोकरी मिळाली म्हणून आले आणि विद्यापीठाच्या जुन्या कागदपत्रांच्या विभागात खोकी उचलायच्या कामाला लागले. स्कॉलरशिप मला होती. पण संस्थापकाचं गिचमिड अक्षर अडलं की विभागाच्या मुख्य बाई माझ्या टेबलावरून पुढे जात आणि मास्तरांना विचारत. मी मान खाली घालून पानं उलटत राही. मला त्यांचा हेवा वाटायचा.

त्या माणसानं गुलामीतून सुटलेल्यांची मुलं आणि गोऱ्यांची मुलं एका बाकावर बसवली होती. गावानं शाळा जाळली. तिचंच पुढे विद्यापीठ झालं. शाळा जळाली त्या दिवशी त्यानं राखेत उभं राहून वर्ग घेतला, अशी दंतकथा होती, पुरावा नव्हता. मी दोन वर्षं पत्रांत शोधत होते. मास्तरांनी तो पुरावा हजेरीपुस्तकात शोधून काढला. जळिताची तारीख, तेवीस नावं, सगळी हजर.

हजेरीपुस्तकं कशाला उघडलीत, असं मी जरा तिखटपणे विचारलं. ते म्हणाले, "आमच्या शाळेत आम्हा गावकुसाबाहेरच्या पोरांची नावं शेवटी घ्यायचे, कधी घ्यायचेच नाहीत. कुठलीही शाळा असो, मी आधी हजेरी बघतो."

माझ्याकडे असं कुठलंच कारण नव्हतं. त्याचाही मला हेवा वाटला. माणसाच्या अपमानाचाही हेवा वाटू शकतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. प्रबंधात मी लिहिलं, 'संशोधनादरम्यान एक हजेरीपुस्तक आढळले.' कुणाला आढळले, ते लिहिलं नाही. गाइडनं पाठ थोपटली. मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली.

मास्तरांनी प्रबंध मागून घेतला आणि आठ दिवसांनी परत आणला. "उत्तम झालाय. एक नाव राहिलंय बघा."

माझे कान तापले. मी काही बोलायच्या आत त्यांनी हजेरीची यादी उघडली. मी बावीसच नावं उतरवली होती. शेवटी शाई फुटलेल्या जागी एका मुलीचं नाव होतं, हॅना. "ही त्या दिवशी आली होती," ते म्हणाले. "तिला गैरहजर नका करू."

मी ते नाव घातलं. पुढच्या वर्षी त्यांच्या बायकोला टेक्सासमध्ये, अर्विंगला काम मिळालं. निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. सामान गाडीत भरून झालं होतं. मास्तर दोरी आवळत होते.

"मास्तर, मी तुमचं नाव दिलं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्हाला नोकरी लागायची होती."

आवाजात राग नव्हता, उपकारही नव्हते. त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली आणि गाडीत जाऊन बसले. मी फुटपाथवर उभी राहिले, आणि लाज वाटायच्या आधी मला त्यांचा हेवाच वाटला.