ळची कळ

माझ्या आईला दोन भाषा येतात. एक बोलायची आणि एक टाइप करायची. बोलायची भाषा म्हणजे अहिराणी. आपल्या बहिणीशी ती हीच बोलते, भाजीवाल्याशी बोलते, ओट्यावर चढलेल्या मांजरीलाही त्याच भाषेत हाकलते. माझ्या वाट्याला टाइप करायची आली. पंचेचाळिशीला टेकले मी, तरी तिचा फोन आला की वाटतं, आता ही शेवटी ‘आपली विश्वासू’ म्हणून फोन ठेवणार.

धुळ्याला कलेक्टर कचेरीबाहेर ती लोकांना अर्ज टाइप करून द्यायची. वर पत्र्याची शेड, खाली लाकडी टेबल, टेबलावर काळं मशीन. शाळा सुटली की मी टेबलाखाली दप्तर टाकून तिथेच बसायचे. साक्रीकडची माणसं दोन बस बदलून यायची आणि उकिडवी बसून आपली हकीकत सांगायची. कुणाची विहीर खचलेली, कुणाचं उताऱ्यावर नाव चुकलेलं. आई त्यांना अहिराणीत विचारायची, अहिराणीत दटावायची, मधेच खळखळून हसायची, आणि खाली तिची बोटं शुद्ध मराठी उमटवत राहायची. म्हातारा म्हणायचा, मना डोया गया. कागदावर यायचं, अर्जदाराचा डोळा निकामी झालेला आहे.

अहिराणीत ळ नाही. मराठीत जिथे ळ, तिथे आमच्याकडे बहुतेक य. काळा तो काया, सकाळ ती सकाय, केळी ती केयी. आणि गावांची नावं बघा आमच्या: धुळे, जळगाव, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, भुसावळ. तोंडात ळ नाही आणि प्रत्येक पाटीवर ळ, असा आमचा मुलूख. बोलणारे धुये म्हणायचे, आई धुळे टाइप करायची.

ती पहिलीत असताना बाईंनी तिला विचारलं होतं, मी कशावर लिहितेय. ती म्हणाली, फयावर. सगळा वर्ग हसला. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, पाठमोरी. त्या हसण्याचा तिने जो धसका घेतला तो घेतलाच. माझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मी बोलायला लागल्यापासून ती माझ्याशी अर्जाच्या भाषेत बोलत आली. एकदा शेजारच्या पोरींचं ऐकून मी तिला ‘माय’ अशी हाक मारली. तिने पोळी तव्यावर जळू दिली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आई म्हण.”

मावशी यायची तेव्हा दोघी चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत तासन्‌तास बोलत बसायच्या. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. आतली बाई माझी आई वाटायचीच नाही. ती टवाळी करायची, नकला करायची, रडायचीसुद्धा. मी दार ढकललं की लाइट गेल्यासारखं व्हायचं. मावशी गप्प, आणि आई विचारायची, गृहपाठ पूर्ण झाला का. तिच्या मायेत काही कमी नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण मला ती दाराआडची बाई हवी होती. तिने एकदा, फक्त एकदा, माझ्याशी तसं बोलावं, एवढी एकच इच्छा मी आजवर उराशी धरून बसले आहे. मागून बघितलं नाही का? बघितलं. कॉलेजात असताना, लग्नाच्या आदल्या दिवशी, माझ्या बाळंतपणात. दर वेळी ती हसून म्हणायची, काहीतरीच काय.

मी जळगावला एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर बनवते. शाळांचे दाखले, दवाखान्यांचे केसपेपर असली कामं. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारी साधी सॉफ्टवेअरं, मोबाइलवाली नव्हेत. वापरणाऱ्याला सोपं जावं यावर मी नव्या मुलांना भाषणं ठोकत असते. आणि दोन वर्षांपूर्वी आईचं मशीन कायमचं बसलं, तेव्हा मीच तोंडावर आपटले.

काम तर तिचं आधीच सुटलं होतं. अर्ज आता कॉम्प्युटरच्या केंद्रात भरतात. पण मशीन घरी होतं आणि त्यावर तिचा हात चालायचा. ते बसल्यावर ती जेवणाच्या टेबलावरच्या मेणकापडावर बोटं वाजवत बसायची. मग एक दिवस तिने फोनवर सांगितलं, मला काही मजकूर टाइप करावयाचा आहे. कसला, ते काही सांगेना. आहे थोडा, एवढंच म्हणाली.

मी लगेच कामाला लागले. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला, त्यात टाइपरायटरच्या कळांची मांडणी बसवली आणि वर माझी सगळी हुशारी ओतली. उघडताच स्वागताचा पडदा, रंगीत चित्रं, अक्षरांचे सोळा प्रकार, मदतीचं वेगळं पान. धुळ्याला जाऊन तिच्यापुढे मांडलं. ती पाठ ताठ करून बसली, मनगटं उचलली आणि न बघता टाइप करायला लागली. सवयीने एक पत्ता टाइप केला. पडद्यावर आलं: मु. पो. पारो%ा, जि. ज%गाव.

मी म्हटलं, आई, ळ चुकतोय तुझा, ळची कळ पलीकडे आहे. खरं तर मी बटण म्हणाले होते. कळ हा तिचा शब्द, टायपिंग क्लासच्या पुस्तकातला. ती हात न हलवता माझ्याकडे बघत म्हणाली, “चूक माझी नाही. कळ इथेच आहे.”

आणि ती तिथेच होती. माझ्या जन्माआधी मशीनवरचा ळ तुटला होता. तुटणारच, आमच्याकडचे पत्ते टाइप करायचे म्हणजे सगळा मार त्या एका अक्षरावर. पाचोऱ्याच्या मेकॅनिकने भंगारातल्या मशीनचा ळ काढला आणि टक्क्याच्या चिन्हाच्या जागी डाग देऊन बसवला, कारण अर्जात टक्के कुणाला लागतात? आईने त्या कळेवर पांढऱ्या नेलपॉलिशने ळ काढला होता. मी त्या टेबलाखाली अख्खं बालपण काढलं आणि मला हे ठाऊक नव्हतं. स्वतःच्या आईला न विचारता तिच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारी मी, आणि भाषणं ठोकते जगाला. लाज वाटली मला.

मग मी चार रविवार जळगावहून सकाळची बस पकडून धुळ्याला गेले आणि वही घेऊन तिच्या शेजारी नुसती बसले. कागदावर धड उमटत नसलं तरी तिला बिघडलेल्या मशीनवरच टाइप करायला लावलं. कागद कसा चढवते, थांबते कुठे, ओळ संपत आली की कान कसा टवकारते, सगळं लिहून घेतलं. ती वैतागायची. माझ्याकडे असं टक लावून बघू नकोस, म्हणायची. मला मात्र ते रविवार फार आवडले. बायको आणि आई झाल्यापासून तिच्या शेजारी इतका वेळ मी बसलेच नव्हते.

नंतर माझं आधीचं सगळं पुसून टाकलं. आता उघडलं की पडद्यावर फक्त एक पांढरा कागद. अक्षर एकच, तिच्या मशीनसारखं. ती ऱ्हस्व वेलांटी आधी मारते आणि अक्षर मागून, म्हणून वेलांटी तिथेच अक्षराची वाट बघत थांबते. ओळ संपत आली की टिंग वाजतं. मजकूर जपून ठेवायला वेगळं काही दाबावं लागत नाही, तो आपोआप राहतो, आणि जिथे राहतो त्याला मी नाव दिलं, ‘कार्बन’. हे तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. आणि ळ टक्क्याच्या जागी. त्या कळेवर मी पांढऱ्या नेलपॉलिशने ळ काढला. माझा जरा वाकडा आला, तिने तो पुसून स्वतः काढला.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगून ठेवली होती. कोणती कळ किती वेळा दाबली जाते एवढीच मोजणी इंटरनेटवरून माझ्याकडे येईल, मजकूर बघणार नाही. ती म्हणाली, ठीक आहे.

महिनाभराने मी ती मोजणी बघितली. बाकीच्या कळा शेकड्यांनी, काही हजारांनी. म्हणजे ती भरपूर टाइप करत होती. आणि ळपुढे शून्य.

माझं डोकंच फिरलं. ज्या अक्षरासाठी एवढा आटापिटा केला तेच बंद पडलंय आणि ही बाई मला सांगतही नाही. मी फोन लावला आणि विचारलं, ळ चालत नाही का. चालतो, ती म्हणाली. मग वापरला का नाहीस? लागला नाही, म्हणाली.

मी फोन ठेवला. ळ न लागता मराठी पानंच्या पानं लिहून दाखवा. वेळ नाही, काळ नाही, बाळ नाही, आणि आपल्या गावाचं नावसुद्धा नाही. अर्धा दिवस गेला माझा, मग डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी धुळ्याची बस धरली.

ती स्वयंपाकघरात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने हात पुसले आणि कपाटातून कागदांचा गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. कोपऱ्यात टाचणी, डाव्या बाजूला समास, सगळं अर्जासारखं. आणि आत अहिराणी. तिची माय तिला नाल्याकाठून कशी हाक मारायची ते. पहिलीतला तो फया. मशीनच्या कामावर पहिल्या दिवशी नेसलेलं लुगडं. मी तान्ही असताना रात्रभर मांडीवर घेऊन ती माझ्याशी बोलायची, ते कुठल्या भाषेत, तेही. मी बोलायला लागेपर्यंत ती माझ्याशी अहिराणीतच बोलत होती. ते माझ्यापर्यंत आलं होतं आणि मला आठवत नव्हतं.

“मूळ प्रत माझी,” ती म्हणाली. “कार्बन तुझी. घेऊन जा.”

मी रडत होते, लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी तिला म्हटलं, हे तोंडाने बोल ना. एक वाक्य बोल. आता कोण हसणार आहे आपल्याला? ती खरंच प्रयत्न करायला लागली. ओठ उघडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. शेंगा सोलायला घेतल्या.

“तुझ्याशी जीभच वळत नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मीच वळू दिली नाही. बोटांनी जमतं. ते घे.”

मग मीच मोठ्याने वाचायला घेतलं. मला ती भाषा दाराआडून आली होती, तोंडाला तिची सवय नव्हती. ठेचकाळत वाचत होते. आई खाली मान घालून ऐकत होती, शेंगा सोलत होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: मनी आंडेर जयगावले ऱ्हास. जयगाव काय दूर नही, पन माले तिनी रोज याद येस. आंडेर म्हणजे मुलगी, ऱ्हास म्हणजे राहते.

कागदावर स्वच्छ य होता. माझ्या तोंडून मात्र आलं, जळगावले. तिनेच मला पाजलेला ळ, तो कुठे जाणार?

“जयगाव,” आई म्हणाली.

तिने मान वर केली नाही. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नसावं. अर्ज वाचून घेताना चूक दुरुस्त करायची तशी तिने केली होती. पण शब्द होता तो, तिच्या तोंडचा, आणि मला उद्देशून.

मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. या वेळी जीभ नीट वळत होती, य अगदी ओठांवर आला होता. तरीही मी जळगावच म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबले.