नळीतलं पिवळं

दवाखान्यात मी यांच्या खाटेशेजारी बसले होते. यांच्या एका हातातून रक्त बाहेर येत होतं आणि यंत्रातून फिरून दुसऱ्या हातात परत जात होतं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने चार पावलं टाकली की यांना पोटऱ्या धरून बसावं लागे, आणि तळपाय कायम गार असत. म्हणून रक्तातलं कोलेस्टेरॉल गाळून काढायचं ठरलं होतं. एका नळीत पिवळसर, गढूळ काहीतरी दिसलं. लग्नापासून यांच्या गरम भातावर मी रोज साजूक तूप वाढत आले.

"सिस्टर, हे माझ्या हातचं तूप का हो?"

ती हसली नाही. "काकू, काहींच्या अंगातच ते जास्त तयार होतं. यांच्या वडिलांनाही हाच त्रास होता ना?"

होता. पण सासूबाईही तूप सढळ हाताने वाढायच्या. मग यातलं अंगातलं किती आणि ताटातलं किती?

तेवढ्यात हे म्हणाले, "पाय जरा गरम लागतोय का गं?"

मी तळव्याला हात लावला. पाय गरम होता की माझाच हात गार पडला होता, सांगता येईना. "हो," मी म्हणाले, आणि हात तिथेच राहू दिला.