पी.डब्ल्यू.डी.चा उखाणा

केदारखेड्यात कुणाची सोयरीक जमली, की हळद दळायच्या आधी एक काम ठरलेलं असायचं. नवरीची आई नाहीतर मावशी पदर खोचून गोजरबाईच्या दारात यायची आणि म्हणायची, बाई, आमच्या पोरीला एक उखाणा दे, पण नवा दे, ते चांदीचं ताट नको. चांदीच्या ताटाचे उखाणे ऐकून गावाचे कान किटले होते, आणि खरं सांगायचं तर त्या गावात चांदीचं ताट पाहिलं होतं कुणी?

गोजरबाईचे उखाणे निराळे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईला सरकारी अक्षरांचं भारी खूळ. एस.टी., झेड.पी., बी.डी.ओ. असली तोडून तोडून बोलायची नावं कानावर पडली, की ती दिवसभर तोंडात घोळवायची. त्यांचा पूर्ण अर्थ तिला ठाऊक नव्हता, आणि गावातही कुणाला होता अशातला भाग नाही. वायरमनच्या बायकोला तिनं दिलेला उखाणा तर पंचक्रोशीत गाजला:

एम.एस.ई.बी.चा खांब आला, तारेवर बसली चिमणी,
मच्छिंद्ररावांच्या घरात जळते अजून रॉकेलची चिमणी.

सगळा मांडव हसला. वायरमनचा बाप तेवढा तोंड आंबट करून बसला.

हे शब्द तिला पुरवायचा तिचा नवरा, भुजंग. बहात्तरच्या दुष्काळात दोघं नवराबायको भोकरदनच्या सडकेवर खडी फोडायला होती. पाऊसपाणी झालं, बाया आपापल्या शेताला लागल्या, पण भुजंगचं नाव मस्टरवर राहिलं आणि तो सडकेच्या गँगमधे कायमचा चिकटला. गावातली म्हातारी माणसं त्या बांधकाम खात्याला अजून निजामाच्या वेळचं 'तामीरात' म्हणायची. भुजंग मात्र छाती काढून पी.डब्ल्यू.डी. म्हणायचा.

दुसऱ्यांचे नवरे बाजारातून शेव-रेवडी आणायचे, हा शब्द आणायचा. संध्याकाळी तो पाय धुताना गोजरबाई विचारायची, "आज काय आणलं?" मग तो कधी ओव्हरसियर काढायचा, कधी डी.ई. डी.ई. म्हणजे काय, असं तिनं विचारलं तर म्हणाला, लई मोठा साहेब, जीपमधून उतरतच न्हाई. एकदा त्यानं डांबराचं साहेबी नाव आणलं, बिटुमेन. हे देवाचं नाव हाय का रोगाचं, म्हणून तिनं ते परत केलं. दोघंही पोट धरून हसली. मूलबाळ नव्हतं, पण त्या घरातून हसू ऐकू यायचं, आणि शेजारणींना त्याचाच हेवा वाटायचा.

तिचा स्वतःचा उखाणाही असाच झाला. पी, डब्ल्यू आणि डी म्हणजे काय, हे गँगच्या मुकादमालाही सांगता येईना. मग या दोघांनीच ती अक्षरं भरून टाकली:

पी.ची पाटी, डब्ल्यूचा डबा, डी.चं डांबर झालं गार,
भुजंगरावांच्या रस्त्याला एकच माझं दार.

संक्रांत असो, डोहाळजेवण असो, बायांनी नाव घ्यायला लावलं की गोजरबाई हाच घ्यायची. गावासाठी रोज नवा, स्वतःसाठी कायम हाच. बाकीच्या नवऱ्यांची नावं ती कुठल्याही ओळीत बसवायची, भुजंगरावांचं नाव मात्र तिनं या एकाच ओळीत ठेवलं होतं. नणंदेनं, गिरिजाबाईनं, आपल्या लग्नात हा उखाणा मागितला होता. नाव बदलून घेते, म्हणाली होती. गोजरबाईनं तिला बी.डी.ओ.चा दिला, झेड.पी.चा दिला, वर एक एस.टी.चाही दिला. हा दिला नाही.

पुढचं कुणालाही सांगता येईल असंच झालं. वर्षं गेली, पाळणा हलेना. सासू सोनूबाईनं नवस केले, अंगारे आणले, जालन्याच्या डॉक्टरकडं सुनेला नेऊन आणलं. लेकाला नेलं का? छे! त्याला कशाला न्यायचं, तो काय बाई आहे? दोष कुणाचा हे पाहायची रीतच नव्हती. सोनूबाई लेकाच्या कानाशी रोज तेच बोलायची आणि भुजंग रोज न्हाई म्हणायचा. मग न्हाई म्हणायचा थांबला. नुसता ऐकून घ्यायचा.

गोजरबाईला हे कुणी सांगायच्या आधीच कळलं. एका संध्याकाळी तिनं विचारलं, आज काय आणलं, आणि भुजंग पायावर पाणी घेत म्हणाला, काही न्हाई. दुसऱ्या दिवशी काही न्हाई. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही. आठवड्यानं सोनूबाईनं तिला जवळ बसवून सांगितलं, भोकरदनच्या पलीकडची पोरगी पाह्यली हाय, गरिबाची हाय, तुझ्या धाकात राहील.

काय करणार होती? माहेरी भाऊ होते, पण भावांच्या बायका होत्या. रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. भुजंग तिच्यासमोर मान खाली घालून बसायचा. एकदा म्हणाला, "माझंबी काही चालून न्हाई राह्यलं गं." हे ऐकून तिला त्याची कीवच आली, आणि त्या किवेचाच तिला फार संताप आला.

मग तिनं सगळं मुकाट्यानं केलं. आतली खोली सारवली. आपली वाकळ पडवीत आणून टाकली. दळणाच्या डब्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळ्यात वाटेकरीण येणार हे तिनं गिळलं. एकच गोष्ट मनाशी घट्ट धरली: उखाणा माझा. घर घ्या, माणूस घ्या, तेवढी ओळ मी कुणाला देणार नाही. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर लोक हसले असते.

पोरीच्या गावच्या मारुतीपुढं माळा घातल्या आणि ऐन दुपारी वरात दारात आली. नवरीचं नाव शिवकन्या. कोवळी पोर, अंगावर कुणाचं तरी मापात न बसणारं पोलकं, कपाळावरचा मळवट घामानं ओघळलेला. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. भाकरतुकडा ओवाळायला गोजरबाईच उभी होती, कारण घरात तेवढ्या सवाष्णीच नव्हत्या. गिरिजाबाईनं दोन्ही हातांनी दार अडवलं आणि म्हणाली, नाव घेतल्याबिगर आत सोडणार न्हाई.

शिवकन्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आईनं पाठ करून दिलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं होतं. बाया हसल्या. पुन्हा म्हण, म्हणाल्या. पोरगी पायांची अदलाबदल करायला लागली. उन्हानं पायरी तापली होती आणि तिच्या पायात काही नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आणि मग मागून कुणीतरी म्हणालं, अगं गोजरबाई, दे की एखादा.

झालं. सगळ्या बाया वळल्या. दे की, दे की. कुणाच्या मनात खोट नव्हती. गावात नवरी अडली की गोजरबाईनं सोडवायची, ही वर्षानुवर्षांची सवय. खोट असती तर तिला भांडता तरी आलं असतं.

ती न्हाई म्हणाली. आज सुचत न्हाई, म्हणाली. बायांना वाटलं, ही भाव खाते. गिरिजाबाईही दार सोडीना. शिवकन्यानं वर पाहिलं. सवत कोण, हे त्या पोरीला कुणी अजून दाखवलंही नसावं. या घोळक्यात आपल्याला सोडवणारी ही एकच बाई दिसते आहे, अशा नजरेनं ती पाहत राहिली.

गोजरबाईनं एस.टी.ची ओळ काढून पाहिली. एस.टी.ला गर्दी, कंडक्टर म्हणतो सरा... पुढं भुजंगरावांचं नाव बसेना. बी.डी.ओ.ची काढली, तिथंही बसेना. ते नाव दुसरीकडं कुठं बसायची तिच्या जिभेला सवयच नव्हती. पोरगी रडायला लागली. शेवटी गोजरबाई पुढं झाली, तिच्या कानाशी वाकली आणि जे आलं ते सांगून टाकलं.

शिवकन्यानं डोळे पुसले आणि धडा म्हणावा तसं खणखणीत म्हटलं, "पी.ची पाटी, डब्ल्यूचा डबा, डी.चं डांबर झालं गार, भुजंगरावांच्या रस्त्याला एकच माझं दार."

कुणी टाळी वाजवली नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही तो उखाणा कुणाचा ते माहीत होतं. गिरिजाबाईचे हात आपोआप खाली आले. भुजंग नवरीच्या शेजारीच उभा होता. त्याचं बाशिंग कपाळावरून घसरलं, ते त्यानं वर केलं नाही. शिवकन्यानं माप ओलांडलं आणि सुटल्यासारखी आत गेली. गोजरबाईच्या हातात भाकरतुकडा तसाच राहिला होता.

पोरगी वाईट नव्हती, हे आणखी एक दुखणं. अक्का अक्का करत मागंमागं फिरायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी नाव घ्यायला लावलं तेव्हा तिनं तोच उखाणा घेतला, कारण तिला तेवढाच येत होता, आणि अगदी मनापासून घेतला. मग बाया थोरलीकडं वळल्या. गोजरबाई हसली आणि म्हणाली, "माझा संपला बाई." पुढच्या लग्नसराईत नवरीच्या आया दारात आल्या, त्यांनाही तिनं हेच सांगितलं. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. मांडवात पुन्हा चांदीची ताटं सुरू झाली.

एका संध्याकाळी भुजंग सडकेवरून आला. पाय धुताधुता, किती महिन्यांनी कोण जाणे, चुलीकडं तोंड करून म्हणाला, आज एक आणलाय.

"काय आणलं? खायचं हाय का?" शिवकन्यानं विचारलं.

"डब्ल्यू.बी.एम., म्हणजे खडीची सडक," तो म्हणाला. चुलीकडंच बघत होता.

गोजरबाई भाकरी टाकत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिची जीभ तिला न विचारता कामाला लागली. डब्ल्यू.बी.एम.ची खडी, तिच्यावर फिरला रूळ... आणि शेवटाला धूळ. धूळ छान बसत होतं. मधे फक्त नाव घालायचं राहिलं होतं. तिथं येऊन ती थांबली, ओळ तशीच तोंडात धरून, हात तव्याच्या वर तसाच अधांतरी ठेवून.

"अक्का," शिवकन्या म्हणाली, "भाकर जळून राह्यली."