वर आल्याची शीळ

तीन आठवडे हेरिन वॉर्डच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. कोरियातल्या जेजू बेटावरच्या त्या इस्पितळात शिकाऊ नर्सनं नुसतं बघायचं. पेशंटला हात लावायचा तो सिस्टरनं सांगितलं तरच. "ए पडद्या, सरक जरा," असं सगळे भिंतीशी नुसत्या उभ्या शिकाऊ पोरींना म्हणत, आणि ती सरकायची. दुपारी उजेड निळसर व्हायचा. मग तिला वाटायचं, खोली पाण्याखाली गेलीय आणि आपण तळाशी उगवलेलं शेवाळ आहोत.

खिडकीपाशी यांग आजी होत्या. जन्मभर समुद्रात बुड्या मारून शंख काढलेल्या. त्यांचे श्वास मोजायचं काम तेवढं हेरिनला मिळालं, आणि पहिल्याच दिवशी झोपेत आजींचा श्वास थांबला. तिनं घंटा दाबली. सगळे धावले. तेवढ्यात आजींच्या ओठांतून लांब शीळ निघाली, पाण्यावर डोकं काढताना पाणबुड्या बायकांची निघते तशी.

"अगं बये, बुडी मारली होती मी! स्वप्नात तरी सुखानं शंख काढू द्या!"

वॉर्ड हसला. ओ आडनावाच्या सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. "पुन्हा उगाच घंटा वाजली तर कॉलेजला कळवीन. वर्ष जाईल तुझं."

एकदा सिस्टर नसताना आजींनी हात पुढे केला. "धर गं पोरी. आम्ही एकटीनं कधी बुडी मारत नाही. जोडीण लागते."

हेरिननं धरला. आजी झोपेत खोल गेल्या, श्वास थांबला. बोटं मात्र घट्ट, खडकाला धरावं तशी. कॉलेजातल्या सरावाच्या रबरी हातानं असं कधी धरलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा श्वास थांबला.

"पोहतायत त्या. राहू दे," ओ सिस्टर दारातूनच म्हणाल्या.

हेरिन भिंत सोडून निघाली. हात धरला. बोटं सैल होती, लाटेनं काठावर टाकलेल्या शेवाळासारखी.

तिनं घंटा दाबली, आणि दाबूनच धरली.

मग धावपळ. ती पुन्हा भिंतीशी. खाटेभोवतीची माणसं संथ हलत होती, फार खोलवर असल्यासारखी. आपणही श्वास घेत नाही आहोत हे तिच्या ध्यानात नव्हतं. बऱ्याच वेळानं शीळ आली. बारीक, फाटकी.

ओ सिस्टर घाम पुसत समोर आल्या. "हात लावलास तू त्यांना. न विचारता."

"हो, सिस्टर."

"मग जा, धर. तोच हात शोधतायत त्या."