सवयीनं वर गेलेला हात

ग्रामसेवक म्हणून माझी मुळशीत बदली झाली तेव्हा घोटावड्याच्या पुढच्या त्या गावाला सरपंचच नव्हता. जत्रेतल्या एका कुस्तीच्या निकालावरून वरची आळी आणि खालची आळी एकमेकांची डोकी फोडून मोकळी झाली होती. तेव्हापासून पंचायत बरखास्त, कारभार प्रशासकाकडे, म्हणजे खरं तर माझ्या गळ्यात. नळ फुटला तरी शिव्या मलाच. कोणीही सरपंच होवो, पण एकदाचा होवो, एवढंच मला हवं होतं. न्यायबिय काही माझ्या डोक्यात नव्हता, हे कबूल करतो.

शेवटी निवडणूक झाली. वरच्या आळीचे तीन सदस्य निवडून आले, खालच्या आळीचे तीन, आणि सातवी गावाबाहेरच्या वस्तीवरची एक बाई, राखीव जागेवरची. तेव्हा सरपंच सदस्यांमधूनच निवडला जाई. म्हणजे सगळं तिच्या एका मतावर येऊन ठेपलं.

वस्तीवरची माणसं आधी वरच्या आळीच्या पुढाऱ्याच्या वीटभट्टीवर वेठबिगार होती. मारुंजीकडे इमारती उठत होत्या, विटा कितीही केल्या तरी कमीच. आजोबानं घेतलेली उचल नातवंडं अंगमेहनतीनं फेडत होती. तहसीलदारांनी त्यांना सोडवलं, मुक्तीचे दाखले हातात दिले, आणि त्यांनी गायरानाच्या कडेला कुडाची घरं उभी केली. पण पंचायतीच्या दप्तरात त्या घरांची नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे उद्या कोणीही यावं आणि उठवावं. पुढाऱ्याला तेच हवं होतं. घरं गेली की माणसं भट्टीवरच येणार. खालच्या आळीनं मात्र चावडीपुढे सगळ्यांदेखत कबूल केलं होतं, की आमचा सरपंच झाला तर पहिला ठराव घरांच्या नोंदींचा. तेही काही साधुसंत नव्हते, त्यांना मत हवं होतं.

निवडीच्या आदल्या दिवशी ती बाई कचेरीत आली. दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणला होता, जणू तो दाखवल्याशिवाय आत येऊ देणार नव्हते.

"भाऊसाहेब, हात कवा वर करायचा?"

मी म्हणालो, "आधी पुढाऱ्याचं नाव पुकारतील, मग खालच्या आळीचं. ज्याला मत द्यायचं त्याच्या वेळी करा."

"पयल्याला न्हाई, दुसऱ्याला," ती स्वतःशीच दोनदा म्हणाली आणि गेली.

सभेच्या दिवशी पुढारी मुद्दाम उशिरा आला. तो दारात दिसताच बाई खुर्चीवरून ताडकन उठली. मी डोळ्यानं खुणावलं, बसा. पण तो बसला तेव्हाच ती बसली.

पौडच्या तालुका कचेरीतून आलेल्या अधिकाऱ्यांनी पुढाऱ्याचं नाव पुकारलं. त्यानं स्वतःचा हात वर केला, त्याच्या दोघांनी केला, आणि तिचाही हात वर गेला.

"चार," अधिकारी म्हणाले.

बाई आपल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो खाली घेतला आणि उभी राहिली.

"सायेब, ह्यो हात सवयीनं गेला. ह्यांनी हात केला की आमी बी हात वर करून उठायचं, भट्टीवर असंच व्हतं. ह्ये माझं मत न्हाई. मत कागदावर घ्या."

एकच गलका झाला. पुढारी माझ्याकडे वळला. "हात वर झाला म्हंजी झाला. लिवा, भाऊसाहेब!"

अधिकाऱ्यांनी विचारलं, "वहीत लिहिलंत का?"

पेन माझ्या हातात होतं. 'लिहिलं' म्हटलं असतं तर मला सरपंच मिळत होता, आणि पुढाऱ्याच्या वशिल्यानं माझ्या गावाकडे बदलीही. मी पेनाला टोपण लावलं. मी म्हणालो, "नाही साहेब. पान कोरं आहे."

ते खरंच कोरं होतं. खरं बोलायला इतका घाम फुटावा, याची मला अजून लाज वाटते.

मग अधिकाऱ्यांनी हात रद्द करून चिठ्ठ्यांवर मतं घेतली. बाईला वाचता येत नव्हतं, म्हणून नावांऐवजी एक आणि दोन असे आकडे ठरले. विटा मोजून आकडे तिला पक्के ठाऊक होते. एकला तीन, दोनला चार. गुप्त मतदान म्हणायचं, पण कोणी काय केलं ते खोलीतल्या खुर्च्यांनासुद्धा कळलं. मी इतक्या मोठ्यानं श्वास सोडला की अधिकारी हसले. पुढच्याच सभेत ठराव झाला, आणि वस्तीवरच्या घरांना नंबर घालायला मी स्वतः रंगाचा डबा घेऊन गेलो.

पण मला आठवतो तो निकालानंतरचा क्षण. पुढारी जायला उठला, तशा सगळ्या खुर्च्या सरकल्या. त्याची माणसं उठली, जिंकलेली खालची आळी उठली, अधिकारी उठले, आणि वही काखेत धरून मीही उठलो. दाराच्या वाटेवरच बाईची खुर्ची होती. ती हात मांडीवर ठेवून बसून होती. त्याला तिला वळसा घालून जावं लागलं.

तो गेल्यावरही आम्ही तसेच उभे होतो. तिनं माझ्याकडे बघितलं.

"बसा की आता, भाऊसाहेब."