सवाल कोणाचा?

नव्वदच्या दशकात मी एका आरोग्य-संशोधन पथकात परिचारिका होते. रोह्याजवळच्या एका कातकरी वाडीत आम्ही रक्त तपासायला गेलो होतो. बायका हात पुढे करून बसल्या होत्या, तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक बाई उठली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. पदर खोचून तिनं आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "रगत आमचं, मंग सवाल तुमचा का?"

डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली. "मग तुम्हीच सांगा, काय शोधू?"

ती एकटी बोलली नाही. एकेकीच्या पाठीवर हात ठेवत म्हणाली, "बोल गो, लाजू नको." कुजबुज वाढत गेली. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "कोळशाच्या भट्टीवर कामाला गेलेल्या आमच्या पोरी बालंतपनात मरतात. का मरतात, ते शोधा."

पुढे मी पुष्कळ सभा पाहिल्या, पण गप्प माणसांना बोलतं करणारा तसा हात दुसऱ्या कुणाचा दिसला नाही.

त्या हिवाळ्यात आमचं पथक भट्टीवर गेलं. तिथे तीच बाई, स्वतःही मजुरीला आलेली, गरोदर बायकांना आमच्यापुढे आणून बसवत होती. एक मुलगी घाबरून मागे सरली, तेव्हा ती म्हणाली, "भिऊ नको गो, या आपल्याच कामाला आल्यात."